साडूची घडीची शिडी

अकोल्याच्या जठारपेठेत गजेंद्रचं फर्निचरचं दुकान होतं. हातात कसब होतं, गिऱ्हाईक होतं. पण साडूचं कौतुक कानावर पडलं की त्याच्या तोंडची चव जायची. साडू म्हणजे बडनेऱ्याचा श्याम, तोही सुतारच. एकदा गजेंद्रची बायको चंदा बहिणीकडून परतली ती श्यामने केलेली लाकडी घडीची शिडी घेऊनच.

"पाहा ना, मिटली का दारामागं मावते."

"पाच-सहा फळ्या अन् दोन कब्जे. त्यात काय पाहाचं?" गजेंद्र म्हणाला.

पण दुपारी चंदा शेजारी गेली तसा तो शिडी उघडमीट करत बसला. कुठे फट नाही, बिजागऱ्यांची करकर नाही. शोधूनही खोट सापडेना, आणि तेच त्याला जास्त झोंबलं.

दुकानातली कामं मागे पडली. त्याने स्वतःची शिडी करायला घेतली. पहिली उचलतानाच चंदाला धाप लागली. दुसरी मिटताना तिचं बोट चिमटलं.

"तुमी शिडी करून राहिले का श्यामभाऊजीले हरवून राहिले?" बोट झटकत ती म्हणाली, आणि माळ्यावरचा डबा काढायला श्यामच्याच शिडीवर चढली.

गजेंद्रच्या अंगाचा तिळपापड झाला. तरी नजर हटेना. मग त्याला दिसलं, वरच्या पायरीवर गेली की चंदाचा हात भिंत चाचपतो. धरायला काहीच नव्हतं.

तिसऱ्या शिडीचे पुढचे खांब त्याने वरच्या पायरीपासून कमरेएवढे वर नेले, वरती बारीक करत आणले आणि त्यांवर हलका बाक दिलेली सागवानी दांडी बसवली. चंदा दांडी धरून चढली आणि वरूनच हसली.

पुढे श्याम घरी आला, तोही चढून उतरला. दांडीवरून हात फिरवत म्हणाला, "भाऊ, हे मले काहून नाई सुचलं? माप देता का?"

"देतो ना, सवडीनं," गजेंद्र छाती फुगवून म्हणाला. ती सवड त्याला कधी झाली नाही.

उन्हाळ्यात गजेंद्र आणि चंदा बडनेऱ्याला गेली. स्वयंपाकघरात श्यामची नवी शिडी उभी होती. तिला दांडी होती, आणि ती दांडीही मिटून पायऱ्यांवर सपाट बसत होती.

"दांडी भाऊची बरं," श्याम चारचौघांत म्हणाला. "मी फक्त तिची घडी केली."

सगळे कौतुकाने गजेंद्रकडे बघू लागले. तोही हसला. परतताना मात्र चंदाने दोनदा हाक मारली तरी त्याचं लक्ष नव्हतं. ती दांडी तो मनातल्या मनात मिटून पाहत होता, आणि बिजागरी नेमकी कुठे लपवलीय ते त्याला काही केल्या उमगत नव्हतं.