सगळ्यांत मिळून एक जास्वंद

आज दारातली जास्वंद फुललेली दिसली आणि मी थेट रेणापूरच्या शाळेत पोचले. लातूर नुकतंच जिल्हा झालेलं, त्यात दुष्काळ. जीवशास्त्राच्या प्रॅक्टिकलला सरांच्या घरचं, सांडपाण्यावर जगलेलं एकच फूल मिळालं. तेच प्रत्येकीकडे फिरलं आणि प्रत्येकीनं थोडंथोडं कापलं.

बाहेर आल्यावर लिंबाखाली आम्ही उत्तरं ताडून पाहू लागलो.

"पाकळ्या किती लिहिल्यास गं?"

"पाच."

"अगं बाई, मला तर तीनच दिसल्या!"

शेवटच्या नंबरची सखू रडवेली झाली. "मला निस्ता देठच आला. देठाचंच चित्र काढलं म्या."

आम्ही पोट धरून हसलो.

आता फूल तोडायला हात जातो आणि तिथंच थांबतो. सखूचा नंबर अजून यायचाय.