बॅटरीवरचा दिवा
अवं सूनबाई, फोनवर का होईना, जरा जवळ ये अन् ऐक: इन्व्हर्टरच्या बॅटरीवर दिवा ठेवून दसऱ्याच्या पूजेचा फोटो धाडतेस, वर मले विचारतेस, "आई, छान ना?" काय छान, वेडे! फोटो पाहिला अन् ॲसिडचा तो वास पुन्हा नाकात शिरला. आमच्या कामरगावच्या घरीही दसऱ्याला विळा, कुऱ्हाड, इन्व्हर्टर, साऱ्यांची पूजा व्हायची. त्या सकाळी माझ्या धाकट्या दिरानं बॅटरीत पाणी भरलं, पण बुचं उघडीच ठेवली अन् चार्जिंग चालूच. आतून ठिणगीनं भडकणारा गॅस निघून राह्यला होता. "भाऊजी, बुचं लावा," म्हटलं, तर म्हणतो, "वहिनी, तुमी पुरणाचं पाहा, बॅटरीचं मी पाह्यतो!" अन् निरांजन घेऊन ओवाळायले वाकला. धडाम् झालं, झाकण उडून छताले आदळलं अन् ॲसिड त्याच्या डोळ्यांत गेलं. तो ओरडत भिंतीवर डोकं आपटू लागला. मी त्याचे केस धरले, फरफटत अंगणातल्या हौदावर नेलं अन् तोंड पाण्यात दाबलं. "वहिनी, जीव घेता काय माहा!" म्हणत त्यानं लाथा झाडल्या, माझ्या मनगटाले रक्त येईस्तोवर चावला, पण मी काही सोडलं नाही, दवाखान्याच्या दारापर्यंत डोळ्यांवर पाणी ओततच राहिले. डॉक्टर म्हणाले, पाण्यानंच डोळे वाचले. आता दर दसऱ्याला सोनं देताना तो आधी माझ्या मनगटावरचे दातांचे वण पाह्यतो, मग पाया पडतो. तू आधी तो दिवा तिथून उचल, अन् मग लवकर घरी ये, त्याच्या हातचं सोनं घ्यायले.