शर्यतीच्या गाडीवरचा हौदा

चाळीस वर्षांत भागोजीने रेवदंड्याच्या खाडीत एकोणसाठ होड्या उतरवल्या. एकीचीही फळी सुटली नाही. मग फायबरच्या होड्या आल्या आणि तीन वर्षं त्याच्या हत्यारांना काम मिळालं नाही. रिकामा बसला की तो चिडचिडा व्हायचा. घरातल्या पाटाचे पाय त्याने दोनदा नव्याने बसवले, तेव्हा बायको ठमाबाई म्हणाली, "आवो, आता माझं पाय बदला. गुडघं लय दुखतात."

म्हणून चौलच्या अजेयने बोलावलं तेव्हा तो जेवण अर्धं टाकून निघाला. अजेयच्या आजोबांची पिकअप नारळाच्या वाडीत पस्तीस वर्षं पडून होती. केबिन आणि बाजूचे पत्रे शाबूत होते. खालची चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, गंजली होती, माल भरायचा मागचा लाकडी हौदा वाळवीने संपवला होता. गॅरेजवाल्या धनेशने पनवेलहून शर्यतीच्या एका गाडीची चासी आणली. लोखंडी नळ्यांची, बुटकी, पण हत्ती उभा केला तरी न लवणारी. तिच्यावर त्याने केबिन चढवली, बाजूचे पत्रे वेल्डिंगने पक्के केले. हौदा तेवढा राहिला. तो जमला तर अशाच आणखी दोन जुन्या गाड्या धनेशकडे यायच्या होत्या. रोज सकाळी सातला भागोजी गॅरेजच्या दारात उभा असायचा.

चासी बुटकी असल्याने मागची चाकं हौद्यात वर येत होती. त्यांच्यावरच्या कमानी त्याने वाकड्या लाकडातून होडीच्या फासळ्यांसारख्या तासून काढल्या. त्यालाच सहा दिवस गेले. मग तळासाठी ऐनाच्या लाकडाच्या फळ्या घेतल्या.

"काका, मध्ये दोन सुतांची, पाव इंचाची फट ठेवा. ट्रकात ठेवतात," धनेश म्हणाला.

"फट ठेवायची तर सुतार कशाला? कुंपणवाला बोलव."

भागोजीने फळीला फळी अशी भिडवली की नख जाईना. वर सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठासला. होडी उतरवण्याआधी तिला पाणी पाजायचं, म्हणजे फळ्या फुगून एकमेकींना घट्ट धरतात, ही त्याची रीत. त्याने हौद्याचं मागचं दार, म्हणजे फाळका, लावला, कडेने चिकणमाती लिंपली आणि हौद्यात चार बोटं पाणी सोडलं. दोन दिवस खाली थेंब पडला नाही. ते दाखवायला त्याने ठमाबाईला मुद्दाम आणलं.

ती वाकून खालून-वरून बघून म्हणाली, "काम बेस हाय. पन यात नारळ भरायचं का मासं पाळायचं?"

तिसऱ्या दिवशी सकाळी फळ्या कडाडल्या. होडीच्या फासळ्या लवून फळ्यांना थोडी जागा देतात. या चासीने सूतभरही दिलं नाही. फुगलेल्या फळ्या मधोमध पोटासारख्या वर आल्या, डाव्या बाजूचा पत्रा दोन बोटं बाहेर गेला आणि फाळका जाम झाला. भागोजी लाकडावर हात ठेवून उभा राहिला.

धनेश जवळ आला. "पाणी सोडून देऊ, काका. सुकलं की बसेल खाली. पत्रा मी ठोकतो. अजेयदादा रविवारी येणार, त्याला कळायचं न्हाय."

"पहिल्या खड्ड्यात गाडीच सांगेल त्याला. फोन लाव."

अजेय तासाभरात आला.

"चूक माझी हाय," भागोजी म्हणाला. "रस्त्यावरच्या गाडीला मी पाणी पाजलं. हा बोललेला फट ठेवा, मी ऐकलं न्हाय."

अजेयने बाहेर आलेल्या पत्र्यावरून हात फिरवला. "आजोबांनी ही दोनदा माडावर घातली होती, काका. पत्र्याला सवय आहे. पण हौदा पुन्हा बसेल?"

"बसेल. महिना लागेल. घाई करायची न्हाय."

फळ्यांचे एकशे सोळा बोल्ट भागोजीने पान्याने एकट्याने काढले. धनेशने मशीन पुढे केलं, ते घेतलं नाही. उन्हात लाकूड तडकतं म्हणून फळ्या सावलीत, मध्ये काठ्या घालून रचल्या. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक फळी उलटायची, असे अठरा दिवस. ठमाबाई म्हणाली, "पोरांना बी इतकं कुशीवर वळवलं न्हाय तुमी." पत्रा धनेशने लाकडी हातोड्याने सरळ केला, आतून ओंडका धरून भागोजी बसला होता. मग त्याने प्रत्येक फळीची कड रंध्याने काढली आणि हात पुढे केला.

"तुझ्या दोन सुतांची पट्टी दे."

धनेशने लोखंडी पट्टी कापून दिली. ती मध्ये धरून भागोजीने सगळ्या फळ्या बसवल्या.

पहिली फेरी नागावपर्यंत ठरली. अजेयने पुढचं दार उघडलं, पण भागोजी मागे हौद्यात चढला आणि फळ्यांवर तळहात टेकून बसला. वाटेत सगळे खड्डे होते तसेच होते. नागावला उतरून त्याने गुडघे झाडले.

"कसं वाटलं, काका?" अजेयने विचारलं.

"डाव्या चाकाजवळची फळी बोलते, कुरकुरते. उद्या सकाळी आन."

"उद्या सकाळी दुसरी गाडी यायची हाय," धनेश म्हणाला. "तिचा हौदा कोण मापणार?"

"तिला दुपारी येऊ दे."