लवकीविषयी आल्यावर बोलू

उन्हाळा लागला की माझ्याकडे तीन कामं एकदम यायची, आणि तिन्ही कामांना मीच लागायची.

पहिलं काम मागाचं. आमचं घर तिरोड्याजवळच्या एका खेड्यात, विणकरांच्या आळीत. आम्ही कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या साड्या विणायचो, करवती काठाच्या. काठावर करवतीचे दात उठवायचे म्हणजे आडवं सूत नेणारे तीन धोटे लागतात. एक दात चुकला तरी लग्नघरच्या बायका बोट ठेवून दाखवतात. दुसरं काम परसातल्या वाडीचं. दिवसभर मागावर बसून सूत बघितलं की डोळ्यांपुढे सगळीकडे सूतच दिसायचं, भिंतीवरसुद्धा. तेव्हा परसात जाऊन हिरवं काहीतरी बघितल्याशिवाय मला बरं वाटायचं नाही. चवळी, माठ, आणि मांडवावर लवकी. पुण्यामुंबईकडे तिला दुधी म्हणतात. वैशाखात सगळ्या आळीच्या वाड्या करपायच्या, पण माझ्या मांडवाखाली उभं राहिलं की सावली पडायची. याचा मला गर्व होता, तो मी लपवत नसे.

तिसरं काम सरकारनं लावलं. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. आमचा भाग तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि गावोगाव विकासाचं वारं सुटलं होतं. बायकांना विणकाम शिकवायचं ठरलं. विणता येतं आणि सहीही करता येते अशी बाई हवी होती. मी चौथी पास. झालं, मी ‘विणकाम शिक्षिका’ झाले. आधीचे दोन वर्ग हिवाळ्यात झाले, ते निभले. तिसऱ्याचा कागद आला तो ऐन वैशाखातला. गाव नवेगाव बांध, मुदत एक महिना.

सासूनं कागद उलटासुलटा करून बघितला. तिला वाचता येत नव्हतं, पण कागद बघायची तिला आवड होती.

“सरकारले काऊन विणाचं आहे?” ती म्हणाली. “त्याच्याजोळ कपडे नाईत का?”

“सरकार नाही विणत माय. बायका विणतील.”

“मंग तुझी साडी कोन विणन? अना लवकी?”

तिरोड्याच्या एका घरची लग्नाची साडी मागावर अर्धी झाली होती. मी नवऱ्याकडे बघितलं. माझा नवरा फार कमी बोलणारा माणूस. आळीतला सगळ्यात चांगला विणकर, पण मागाबाहेरचं जग त्याला पाहुण्यासारखं वाटायचं.

“जा,” तो म्हणाला. “साडी मी विणतो.”

“आणि लवकीला पाणी?”

“घालतो.”

“रोज दोन बादल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. दर आठवड्याला मला कार्ड टाकायचं.”

त्यानं मान हलवली. मी मांडवावरच्या दोन लवक्या तोडून पिशवीत घातल्या आणि निघाले. गोंदियापर्यंत मोठी गाडी, पुढे छोट्या लाईनीची गाडी, आणि शेवटचा टप्पा बैलगाडीनं. नवेगावला पोचले तेव्हा माझ्या अंगावर इतकी धूळ होती की वर्गाची जागा दाखवायला आलेला माणूस मलाच विचारत होता, “मास्तरीनबाई आल्या काय?”

वर्ग शाळेत होता. सुट्टी असल्यामुळे शाळा रिकामी. सरकारी माग तुकड्यातुकड्यांनी आला होता, तो मी आणि गावच्या सुतारानं मिळून दोन दिवसांत उभा केला. तिसऱ्या दिवशी अकरा बायका आल्या, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला चार सासवा. सगळ्या लांबच्या भिंतीला पाठ लावून बसल्या. मी विणून दाखवलं. वरचा-खालचा धागा कसा उघडतो, धोटा कसा पळतो, सगळं सांगितलं. मग म्हटलं, “आता कोण बसतं?”

कोणी हललं नाही.

चौघींतली थोरली सासू तलावाच्या काठच्या घरातली होती. नाकात तपकीर ओढायची आणि मनातलं तोंडावर बोलायची. तिनं विचारलं, “तुटला तं?”

“काय तुटला तर?”

“धागा. सरकारचा धागा. तुटला तं आमच्या बांध्या जप्त करन का सरकार?”

बांध्या म्हणजे त्यांची धानाची शेतं. मी म्हटलं असं काही होत नाही. त्यावर तिनं बाकीच्या तिघींकडे बघितलं, आणि त्या बघण्याचा अर्थ सरळ होता: ही तर सरकारचीच बाई, ही असंच म्हणणार.

आठ दिवस असे गेले. मी विणायची, त्या बघायच्या. त्यांना मागाविषयी काही विचारायचं नव्हतं. लेकरं किती, सासू कशी, नवरा एकटा काय खाऊन राहिला असेल, हे मात्र बारकाईनं विचारायच्या. मी आणलेल्या लवकीची भाजी त्यांना वाटली, तेव्हा कुठे त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदा माझ्याविषयी आदर दिसला.

“वैशाखात इतकी कवळी?” थोरली म्हणाली. “पानी कसं घालता?”

मग काय, मागाच्या वर्गात मी लवकी शिकवू लागले. त्या बदल्यात मला तलावाचे मासे मिळायचे. पोट उत्तम चाललं होतं, वर्ग बुडत चालला होता.

त्याच सुमारास पहिलं कार्ड आलं. तिथला पोस्टमन कार्ड देण्याआधी वाचत असे, आणि वाचलं हे लपवत नसे. वर्गाच्या दारातच त्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं:

“माय ठीक. माग ठीक. लवकी ठीक.”

“बस?” थोरलीनं विचारलं.

“बस,” पोस्टमन म्हणाला. “बाकी कार्ड कोरं आहे.”

दुसरं कार्ड आलं तेव्हा बायका पोस्टमनची वाटच बघत होत्या.

“माय ठीक. माग ठीक. लवकीची पानं जराशी पिवळी. काळजी नसावी.”

मला काळजी वाटायला लागली. ‘काळजी नसावी’ हे माझ्या नवऱ्याचे शब्द नव्हते. त्यानं एवढे जास्तीचे शब्द खर्च केले म्हणजे नक्की काहीतरी झालं होतं. बायकांमध्ये दोन तट पडले. काही म्हणाल्या, पाणी कमी पडलं. काही म्हणाल्या, कीड. थोरली डोळे मिटून बसली होती. ती म्हणाली, “पानी कमी नाई. पानी कोन्तं घालते तुमचा घरवाला, ते इचारा.”

मी त्याच दिवशी कार्ड टाकून विचारलं. ते त्याला मिळायच्या आधीच त्याचं तिसरं कार्ड आलं:

“माय ठीक. माग ठीक. लवकीविषयी आल्यावर बोलू.”

पोस्टमननं टोपी काढली. खरंच काढली. एक तरुण सून डोळ्यांना पदर लावून “अगं बाई” म्हणाली. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी मागावर बसून खाडखाड विणायला लागले.

आणि नेमकी त्याच दुपारी विकास खात्याच्या साहेबांची जीप आली.

साहेब उत्तरेकडचे, हिंदी बोलणारे. माणूस उत्साही आणि वाईट मुळीच नव्हता, पण त्यांना प्रत्येक गोष्ट करून दाखवायची हौस होती. मागच्या गावी त्यांनी नांगर धरला होता, असं त्यांचा चपराशी मला नंतर म्हणाला. चपराशी व्हरांड्यात चहाची बशी घेऊन बसला. साहेब आत आले. अकरा बायका, चार सासवा आणि मागावर मी एकटीनं विणलेलं कापड.

“किस-किस ने बुना है?” त्यांनी विचारलं.

मी खोटं बोलायचा विचार करत होते, तेवढ्यात थोरली म्हणाली, “बाईनंच विणलं. आमी बघून राहिलो.”

साहेबांना तेवढं मराठी कळत होतं. ते निराश झाले नाहीत. उलट त्यांनी बाह्या वर केल्या. “डरने की क्या बात है? अरे, ये तो झूला है!” असं म्हणून ते मागावर बसले.

माग सोपा असतो, पण त्याचा क्रम असतो. आधी पायानं पावडी दाबायची, धागे वर-खाली उघडले की मग हातानं दोरीला झटका द्यायचा. उघडलेल्या वाटेतून धोटा इकडून तिकडे जातो. साहेबांनी पावडीकडे बघितलंच नाही. दोरीला असा झटका दिला, जसं काही विहिरीतून बादली वर काढायची आहे.

धोट्याला वाट मिळाली नाही, म्हणून त्यानं स्वतःची केली. टाणकन आवाज झाला. धागे तुटले, धोटा उडाला, थोरलीच्या डोक्यावरून गेला, खिडकीतून बाहेर पडला, आणि व्हरांड्यात बशी फुटल्याचा आवाज आला. पाठोपाठ चपराशाचा.

साहेबांच्या हातात दोरी तशीच होती. मग थोरली शांतपणे म्हणाली, “आता सरकार या सायबाच्या बांध्या जप्त करन काय?”

“क्या पूछ रही हैं?” साहेबांनी मला विचारलं.

“चहा घेता का, असं विचारते,” मी म्हटलं.

एका सुनेला पहिल्यांदा हसू फुटलं. तोंडात पदर कोंबूनही आवाज बाहेर आला. मग दुसरी, मग तिसरी. चार सासवांपैकी दोघी भिंतीकडे तोंड करून हलत होत्या. साहेबांनी सगळीकडे बघितलं, चष्मा काढून पुसला, आणि शेवटी तेही हसले. त्या हसण्यासाठी मी त्यांना आजही चांगला माणूस म्हणते.

मी खाली वाकून तुटलेले धागे मोजले. तेवीस. एकेक टोक शोधून, चिमटीत पिळून गाठ द्यायला लागले. थोड्या वेळानं माझ्यावर सावली पडली. बघते तर बायका भिंत सोडून मागाभोवती आल्या होत्या. ज्या सुनेला आधी हसू फुटलं होतं, तिनं विचारलं, “असं जोडता येते?”

“येतं की. रोज तुटतात. मी पण तोडते.”

“मंग आना इकडं,” ती म्हणाली आणि चोविसाव्या धाग्यासारखी माझ्या शेजारी येऊन बसली. शेवटचे आठ-दहा धागे तिनं जोडले. तिची बोटं माझ्यापेक्षा बारीक होती, आणि मासे धरायची जाळी विणणाऱ्या घरची असल्यामुळे गाठ तिला उपजतच येत होती. मला उगाचच वाटत होतं की मी त्यांना सूत दाखवायला आले आहे. त्यांचा जन्म सुतात गेला होता. भीती फक्त सरकारची होती, आणि ती खिडकीतून उडून गेली होती.

पुढचे बारा दिवस मागावर बसायला भांडणं झाली. अकराही जणींनी आळीपाळीनं विणलं, म्हणून कापड कुठे घट्ट, कुठे विरळ, कुठे रुंद, कुठे कमरेत आवळल्यासारखं झालं. ते मागावरून उतरवलं तेव्हा मला वाटलं, आता हे नमुना म्हणून कचेरीत पाठवावं. पण मी हात धुऊन येईपर्यंत थोरलीनं विळ्यानं त्याचे अकरा तुकडे केले होते. विणकराच्या लेकीला कापड असं फाडलेलं बघवत नाही. मी ओरडले. ती म्हणाली, “कचेरीत कोनाले पुसाचं आहे? इथं तोंडं आहेत पुसाले.” एकीनं तुकडा लेकराच्या डोक्याला बांधला, एकीनं दूध गाळायला नेला. कचेरीला मी लिहिलं, कापड वापरात आहे.

निघायच्या आदल्या दिवशी चौथं कार्ड आलं. माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं.

“तुझं कार्ड मिळालं. ते मायनं दुसऱ्याकडून वाचून घेतलं. माग ठीक. माय ठीक नाही.”

पोस्टमन म्हणाला, “बाई, लवकर जा.”

घरी पोचले तर सासू ओट्यावर बसलेली, तब्येतीनं ठणठणीत. फक्त रागानं लाल. तिनं मला पाणीसुद्धा विचारलं नाही, हाताला धरून परसात नेलं. मांडवावर लवकीचा वेल वाळून दोरीसारखा लटकत होता.

“विचार त्याले,” ती म्हणाली. “कोशाचं सूत उकळलेलं सोड्याचं पानी घातलं त्यानं! रोज! सकाळी एक बादली, संध्याकाळी एक बादली! तू सांगितलं तसं!”

कोसा मऊ करायला सूत सोड्याच्या पाण्यात उकळावं लागतं. ते पाणी हाताला लागलं तरी चरचरतं. नवरा दारात उभा होता.

“विहिरीवर जायाले येळ नव्हता,” तो म्हणाला. “अना ते पानी वाया जाऊन राहिलं होतं.”

“आणि वेल मेला हे कळल्यावर?”

“मंग विहिरीचं घातलं.”

“मेलेल्याला?”

“तू बादल्या सांगितल्या होत्या.”

मी घरात गेले. गाडीत बसल्यापासून त्याला काय काय बोलायचं ते मी पाठ करून आणलं होतं, पण एवढ्याशा लवकीवर ते सगळं संपलं नसतं. त्याची आणखी एखादी चूक हवी होती. मागावर साडी पूर्ण झाली होती. त्यानं एकट्यानं विणलेली, तीन धोटे सांभाळून. मी खिडकीचं दार उघडलं आणि काठ बोटानं तपासायला लागले. हातभर बघितला, दोन हात बघितला, चार हात बघितला. दात एकसारखे, टोकं सुईसारखी. उलट्या बाजूनं बघितलं. पदराचा जोड बघितला. एक धागा तरी सैल असेल म्हणून जमिनीवर गुडघे टेकून बघितलं.

तो मागं येऊन उभा राहिला होता.

“चुकलं का काही?”

“नाही.”

“मंग कायले रागावून राहिली?”

“नाही चुकलं म्हणूनच.”

त्यानं यावर बराच विचार केला. मग तो बाहेर गेला आणि सासूला म्हणाला, “माय, ती साडीवर खूश आहे.” सासू म्हणाली, “मले तं आवाज वेगळा वाटला.”

साडी तिरोड्याला गेली, लग्न झालं, कोणी बोट ठेवलं नाही. वेल मी उपटला. मांडवाखालची माती मात्र त्या वर्षी काही केल्या सुधारली नाही. तिथे पेरलेली काकडी आली नाही, चवळी आली नाही. शेवटी सासूनं तिथे आपली बाज टाकली आणि मांडवाच्या रिकाम्या काड्यांवर धुतलेलं सूत वाळत घालायला सुरुवात केली. दुपारी ती त्या सुताच्या सावलीत झोपायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, “आमच्याकडं औंदा लवकीच्या जागी कोसा लागला.”