नळीवरचा तिसरा आकडा

साखऱ्याजवळच्या तांड्यावरचा देविदास राठोड हिंगोलीच्या एका तंत्रनिकेतनात चौदा वर्षं प्रयोगशाळेचा शिपाई आहे. नेमणूक झाडपुसीची, पण जीव जडला एका यंत्रावर. त्यातला ब्लोअर लांब नळीत हवा ढकलतो, नळीवर गुंडाळलेला हीटर ती तापवतो आणि नळीला जागोजागी चिकटवलेल्या तारा तिथलं तापमान आकड्यात दाखवतात. बटण एकेका तारेच्या नंबरावर फिरवून पोरांना आकडे सांगायचा देविदासच. परीक्षक आले की यंत्रापाशी उभं राहायचा मानही त्याचाच.

मग ज्योती खिल्लारे आली, इंजिनिअर झालेली पोरगी. साहेबांनी यंत्र तिच्या ताब्यात दिलं आणि देविदासच्या पोटात दुखायला लागलं. ती त्याला मामा म्हणायची, चहा आला की आधी त्याला द्यायची. त्यामुळे तर तो जास्तच जळायचा. वाईट वागली असती तर निदान भांडता आलं असतं.

एक गोष्ट मात्र फक्त त्यालाच ठाऊक होती. मागे तारा तुटल्या तेव्हा त्याने तिसरी आणि चौथी उलटसुलट जोडली होती. पुन्हा कोण खोलत बसणार, म्हणून तीनचा आकडा तो चार म्हणून सांगायचा आणि चारचा तीन. ज्योतीला त्याने हे सांगितलं नाही. होऊ दे एकदा फजिती.

परीक्षेच्या दिवशी तो हातात फडकं घेऊन दाराशी उभा राहिला. हवा पुढे जाईल तसं तापमान चढायला हवं. ज्योतीने बटण फिरवलं. तीनला आकडा भलताच चढला, चारला खाली आला. परीक्षकांनी कारण विचारलं. देविदासच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

ज्योतीने पुन्हा बटण फिरवून पाहिलं. मग ती बाजूला सरकली. "मामांच्या हातून असं कधी झालं नाही, सर. माझंच काहीतरी चुकलं असेल. मामा, तुमीच बघा."

ज्या जागेसाठी तो इतके दिवस जळत होता, ती समोर मोकळी होती. तिचं चुकलं, एवढंच म्हटलं की काम झालं असतं. शब्द ओठांपर्यंत आले, पण तिच्या तोंडाकडे बघून ते बाहेर पडेनात.

"त्यांचं न्हाई चुकलं, सर," तो म्हणाला. "तारा मीच उलट्या जोडल्या. अन् मॅडमला मुद्दामच सांगितलं न्हाई."

दुपारी चहा आला. ज्योतीने रोजच्यासारखा पहिला कप त्याच्यापुढे ठेवला.

"राठोड, चहा घ्या," ती म्हणाली.