कोऱ्या चपला

माझ्या पाठची बहीण सात वर्षांची झाली तरी आईच्या कडेवर, आणि मी अकोल्याच्या बाजारात त्यांच्यामागून फरफटत. मी नुसती जळायचे. "मले बी घे," म्हटलं की आई डाफरायची, "तुले पाय नाईत का वं?"

जन्मताना तिच्या मेंदूला इजा झाली, हातपाय तिचं ऐकत नाहीत, पण तिला समजतं सगळं, असं अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. कसलं समजतं! राणी होती नुसती.

दिवाळीला दोघींना सारख्याच चपला आल्या. उन्हाळ्यापर्यंत माझ्या झिजल्या, तिच्या कोऱ्या करकरीत. एकदा रागानं मी तिच्या घातल्या आणि माझ्या तिच्यापुढे फेकल्या. तिनं वाकड्या बोटांनी एक ओढून घेतली, झिजलेली टाच चाचपली आणि मोठ्या कष्टानं म्हणाली, "मले बी."