शेवटचा माणूस बसेपर्यंत

बेटावर पायी फिरायला आलेली मंडळी धक्क्यावर जमली, सहल सुरू झाली, की थोड्याच वेळात कुणीतरी विचारतंच, "अहो, आपला गाइड कुठे आहे?"

"मागे."

सगळे मागे वळून बघतात. ओळीच्या अगदी टोकाला, ज्या आजींना नवे बूट चावतायत त्यांच्याही मागे, गळ्यात ओला रुमाल टाकलेला एक किडकिडीत माणूस हात वर करतो. "इथे आहे, इथे आहे. तुम्ही व्हा पुढे!"

गाइड पुढे चालतो, ही जगाची समजूत. पैसे मोजून माणूस घ्यायचा आणि वर वाट आपणच शोधायची, हे पाहुण्यांच्या पचनी पडायला जरा वेळ लागतो. पण गेली कित्येक वर्षं हा माणूस ओळीच्या मागेच चालत आला आहे, आणि म्हणून सगळं बंदर त्याला शेपूट म्हणतं. वयाचा मान ठेवणारे शेपूटकाका म्हणतात. त्याला दोन्ही चालतात. बायको यातलं काहीच म्हणत नाही. ती "ऐकलंत का" म्हणते, आणि त्याने कधीच ऐकलेलं नसतं.

त्याची पद्धत साधी होती. निघताना तो पाहुण्यांना सांगायचा, "आता पाण्याच्या टाकीपर्यंत जा आणि बसा. मी येईपर्यंत उठायचं नाही." टाकीपाशी गेल्यावर, "आता मोठ्या झाडापर्यंत जा आणि बसा." असं बसत उठत सगळे डोंगरावरच्या दीपगृहापाशी पोचायचे. जे तुरुतुरु चालतात ते आधी पोचून भरपूर बसायचे. जे धापा टाकत येतात त्यांच्याबरोबर शेपूटकाका यायचा, आणि शेवटचा माणूस टेकला की जाहीर करायचा, "आता विश्रांती सुरू!"

एरवीच्या सहलीत काय होतं? पुढची मंडळी बसून, पाणी पिऊन, फोटो काढून ताजीतवानी झालेली असतात. मागचा बिचारा लाल तोंडाने पोचतो, आणि त्याला बघताच पुढचे टाळ्या वाजवून उठतात, "आले! चला!" ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज त्यालाच ती कधी मिळत नाही. शेपूटकाकाकडे हा अन्याय नव्हता.

बाकी गाइड म्हणून त्याचं ज्ञान जेमतेमच होतं. कुठलाही पक्षी दाखवा, "पाहुणा आहे, दरवर्षी येतो" हे ठरलेलं. कावळ्यालासुद्धा त्याने एकदा पाहुणा करून टाकलं होतं. डोंगर किती उंच आहे विचारलं तर म्हणायचा, "चढताना जास्त वाटतो." दीपगृह किती जुनं? "माझ्या आजोबांनीही ते उभंच बघितलंय." एका प्राध्यापकबाईंनी रानफुलाचं नाव विचारलं, तर त्याने त्यांनाच विचारलं, "तुम्ही काय म्हणता याला?" बाईंनी लांबलचक शास्त्रीय नाव सांगितलं. "तेच," शेपूटकाका म्हणाला.

घरी मात्र त्याचं कौतुक नव्हतं. बंदरावरच्या ज्या हॉटेलतर्फे या सहली निघायच्या, बायको त्याच हॉटेलच्या धुलाईखोलीत इस्त्री करायची. वाफेने भरलेल्या त्या खोलीत दिवसभर चादरी सरळ करून संध्याकाळी घरी आली, की नवऱ्याचे पाय सरळ करायचं काम असायचं.

"गुडघा बघा. नारळ झालाय नारळ," ती म्हणायची. "हॉटेलवाल्या बाई बस घेतायत म्हणे. बसा की तिच्यात. लोक आयुष्यभर खुर्ची मिळावी म्हणून धडपडतात, आणि तुम्हाला खुर्ची चालून येतेय तर तुम्हीच चालत सुटता!"

हे बसचं प्रकरण हॉटेलच्या मालकीणबाईंच्या जावयाने काढलं होतं. जावईबापू पर्यटनाचा कसलासा अभ्यास करून नुकतेच परतले होते आणि प्रत्येक गोष्टीकडे ती चुकलेलीच आहे अशा नजरेने बघत होते. त्यांचं म्हणणं, डोंगरावरची पायी सहल बंद करून बेटाभोवतीच्या सपाट रस्त्यावर बस फिरवावी आणि शेपूटकाकाने ड्रायव्हरशेजारी बसून माइकवर माहिती सांगावी. काकाला धास्ती होती ती या माइकची. एकदा चाचणी म्हणून माइक त्याच्या हातात दिला होता. तो "हॅलो" म्हणाला आणि समोरून उत्तर यायची वाट बघत उभा राहिला.

अशातच एका पाहुण्याने तक्रार केली, की संपूर्ण सहलीत गाइडचं दर्शन फक्त दोनदा झालं. जावईबापूंना हवं ते मिळालं.

मालकीणबाई ऑफिसात वेताच्या खुर्चीत बसून अख्खं हॉटेल चालवायच्या. खुर्ची ते गाडी आणि गाडी ते खुर्ची, एवढाच त्यांचा प्रवास. आवाज मात्र धक्क्यापर्यंत चालत जायचा. त्यांनी शेपूटकाकाला बोलावून घेतलं.

"अरे, तू मागे का चालतोस?"

"पुढच्यांना काय बाई, वाट आहेच की समोर. मागच्यांकडे कोण बघणार?"

"हे बघ, गुरुवारी मी स्वतः येते. तू पुढे चालायचं, जावईबापू म्हणतात तसं. नीट झालं तर पायी सहल चालू. नाही झालं, तर बस."

"आणि हा घ्या," जावईबापूंनी काठीला लावलेला एक लालभडक झेंडा काकाच्या हातात दिला. "सगळ्या जगात गाइड असाच चालतो, काका. उंच धरायचा."

काकाने तो नातेवाइकाचं रडकं मूल धरावं तसा धरला.

गुरुवारी सकाळी धक्क्यावर पाहुणे जमले. जावईबापूंनी भाषण केलं. "आज एकच नियम. जिथे झेंडा, तिथे तुम्ही. झेंडा थांबला की थांबायचं, झेंडा निघाला की निघायचं. झेंडा सोडून कोणीही कुठेही जाणार नाही." पाहुण्यांत एक निवृत्त साहेब होते, कुठल्यातरी सरकारी खात्यात जन्म काढलेले. त्यांनी हा नियम दोनदा विचारून पक्का करून घेतला. मालकीणबाई पांढरेशुभ्र बूट घालून आल्या होत्या. धुलाईखोलीच्या खिडकीतून बायको बघत होती, आणि काका पुढे उभा आहे हे पाहून तिने कपाळाला हात लावला.

काका पुढे निघाला खरा, पण त्याची मान ऐकेना. दोन पावलं टाकली की वळून मागे बघ, दोन पावलं टाकली की बघ. बाजाराचा रस्ता लागला तेव्हा त्याने वळण्याचा त्रासच वाचवला आणि सरळ उलटं चालायला लागला. तोंड पाहुण्यांकडे, पाठ डोंगराकडे, हातात झेंडा. न्हाव्याच्या दुकानाबाहेर एक गिऱ्हाईक तोंडाला साबण लावून बसलं होतं. काका जाऊन त्याच्या मांडीवर बसला.

"थांब, माझा नंबर आहे!" गिऱ्हाईक ओरडलं.

पाण्याच्या टाकीपाशी वाटेला दोन फाटे फुटतात. एक वर डोंगराकडे जातो, दुसरा केळीच्या बागेत. काकाने तिथे झेंडा थांबवला, नियमाप्रमाणे सगळे थांबले. त्याने माणसांवरून नजर फिरवली आणि त्याचा चेहरा पडला. मालकीणबाई नव्हत्या. जावईबापू टाकीच्या पायऱ्यांवर चढून फोनवर बसच्या सीटचा रंग ठरवत होते. सासूबाई मागे राहिल्यात याचा त्यांना पत्ताच नव्हता.

झालं. काकाच्या पायांनी स्वतःच निर्णय घेतला. त्याने झेंडा जमिनीत रोवून बघितला, पण खाली कातळ. मग समोर जो माणूस सगळ्यात जबाबदार दिसला त्याच्या, म्हणजे साहेबांच्या हातात त्याने काठी दिली. "जरा धरा हं. मी आलोच." आणि तो उतारावरून खाली पळाला.

मालकीणबाई एका छोट्या पुलाच्या कठड्यावर बसल्या होत्या. बूट आता पांढरे नव्हते, चेहरा मात्र झाला होता.

"कुणी बघत नाहीये ना?" त्यांनी आधी हे विचारलं.

"कुणी नाही. मी पण नाही," काका म्हणाला आणि त्यांच्या शेजारी बसून समुद्राकडे बघायला लागला.

"तू इथे काय करतोयस? तुला पुढे राहायला सांगितलं होतं."

"हो ना. चुकलंच. बसा जरा, मग जाऊ."

"तुझी परीक्षा आहे आज, कळतंय का तुला? अरे, बसमध्ये जाशील!"

"कळतंय बाई," काका म्हणाला. पण उठला नाही. बाईंचा श्वास खाली बसल्यावरच दोघं उठली आणि हळूहळू वर आली. पायऱ्यांवर पाठ करून फोनवर बोलणारे जावईबापू सोडले, तर टाकीपाशी चिटपाखरू नव्हतं.

झालं होतं असं. साहेबांना जायचं होतं. कुठे, ते सांगायला नको. धक्क्यावर दोन शहाळी पिऊन झाली होती, आणि वय वय असतं. त्यांनी बायकोच्या कानात सांगितलं. "मग जाऊन या की त्या केळीत," ती म्हणाली. पण हातात झेंडा! साहेबांनी जन्मभर एकही वस्तू रीतसर ताबा दिल्याशिवाय खाली ठेवली नव्हती. ते झेंडा घेऊनच निघाले, आणि झेंडा निघाला म्हणताना सगळी मंडळी उठली आणि शिस्तीत, एका ओळीत, त्यांच्या मागे केळीच्या बागेत शिरली.

काका आणि बाई बघतात, तर केळीच्या पानांवरून एक लाल झेंडा भराभर चालला आहे. मधेच थांबतोय. पुन्हा, आधीपेक्षा घाईने, आणखी आत निघतोय.

"अहो, माझ्या मागे येऊ नका!" साहेबांचा आवाज आला.

"झेंडा तुमच्याकडे आहे ना!" मागून सगळे म्हणाले.

"थांबा तिथेच!"

"मग झेंडा थांबवा!"

"थांबवता येत असता तर काय हवं होतं!"

"अहो, टाका तो खाली!" ही त्यांची बायको.

"टाकू कसा? जबाबदारी आहे!"

टाकीच्या पायऱ्यांवरून जावईबापू फोन कानाला लावूनच धावत आले आणि मोठ्याने नियम सांगू लागले. नियम तर सगळे तंतोतंत पाळत होते. काकाने दोन्ही हातांचा कर्णा करून हाक मारली, "मंडळी! वरच्या मोठ्या झाडापर्यंत जा आणि बसा! मी येईपर्यंत उठायचं नाही!" ओळ वळली आणि सुतासारखी सरळ होऊन डोंगराला लागली. काकाने साहेबांकडून झेंडा रीतसर ताब्यात घेतला आणि त्यांच्याकडे पाठ करून, पहाऱ्यावर असल्यासारखा, उभा राहिला.

मालकीणबाई टाकीच्या पायरीवर बसून इतक्या हसल्या, की जमवलेला श्वास पुन्हा गेला.

"बघितलंत?" जावईबापू विजयाने म्हणाले. "पायी सहलीत हा असाच गोंधळ व्हायचा. बसमध्ये माणसं जागेवर तरी बसतात."

बाईंचं हसू थांबलं. त्या बुटांवरची धूळ झटकायला लागल्या. काकाने जावईबापूंचं बोलणं ऐकलं, आणि बसचा दरवाजा आपल्यामागे धाडकन बंद झाल्यासारखं त्याला वाटलं.

झाडापर्यंत, आणि तिथून दीपगृहापर्यंत, शेवटून तिघंच चालत होती: मोकळ्या मनाने साहेब, एकेक पाऊल मोजूनमापून टाकणाऱ्या बाई आणि त्यांच्या मागे काका. वर पोचले तेव्हा बाकीचे कधीचेच येऊन बसले होते. बाई दिसताच जावईबापूंनी टाळ्या वाजवल्या. "आले! चला, उठा, उशीर झालाय."

माणसं उठायला लागली. बाई अजून टेकल्याही नव्हत्या. चटकन जावयाकडे बघून, जणू आपलंच काही चुकलंय अशा आवाजात म्हणाल्या, "चला, चला, मला काही नाही होत."

"बसा," काका म्हणाला. जावईबापूंसमोर तो पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होता. "बाई आत्ता आल्यात. आता कुठे विश्रांती सुरू होतेय."

सगळे पुन्हा बसले. बाईही बसल्या. कुणीतरी पाणी दिलं. खाली समुद्र पसरला होता, बंदर होतं, आणि बंदराला लागून एक लाल कौलांचं घर होतं, त्याच्या अंगणात पांढऱ्या चादरी वाळत होत्या.

"छान आहे ते," बाई म्हणाल्या. "कुणाचं रे?"

"तुमचं हॉटेल आहे, बाई."

बाईंनी डोळ्यांवर हात धरून पुन्हा बघितलं. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून त्यांनी ते बाहेरून, एवढ्या लांबून, कधी बघितलंच नव्हतं. बराच वेळ त्या बघत राहिल्या. कुणी घाई केली नाही.

"मग सासूबाई, बसवाल्याला काय सांगू?" शेवटी जावईबापूंनी विचारलं.

"सांग, आण म्हणून. ज्यांना चालवत नाही त्यांना बरी पडेल. माइक तू धर, तुला बोलायला आवडतं. हा चालणार. आणि मागेच चालणार."

"पण लोक तक्रार करतात, गाइड दिसत नाही म्हणून!"

"ज्यांना दिसायला हवा त्यांना दिसतो," बाई म्हणाल्या आणि उठण्यासाठी त्यांनी काकापुढे हात केला. "महिन्यातून एकदा मीही येणार आहे. आणि मी टेकल्याशिवाय कुणी उठायचं नाही, तूसुद्धा नाही," त्यांनी जावयाला बजावलं.

संध्याकाळी काकाने घरी सगळं सांगितलं. बायको इस्त्रीच्या वाफेने लालबुंद होऊन नुकतीच आली होती. बसमधली खुर्ची गेली हे कळल्यावर तिने पाय पसरले आणि एक लांब उसासा सोडला.

"म्हणजे चालणं काही सुटत नाही तुमचं."

"नाही."

"आनंद बघा चेहऱ्यावर! खुर्ची हुकली म्हणून एवढा खुश झालेला माणूस मी दुसरा बघितला नाही." मग तिला हसू आवरेना. "सरका जरा. हॉटेलात बाई केळीच्या बागेबद्दल बोलत होत्या, पण हसण्यात काही कळलंच नाही. नीट सांगा. आणि माझं हसून होईपर्यंत पुढे जायचं नाही."

काका तिच्याजवळ सरकून बसला आणि सावकाश, पहिल्यापासून सांगायला लागला.